क्वाउतेमोकचे नाणे : मोडावे की ठेवावे?

प्रश्न : माझे वडील व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत राणीछाप रुपयाहून बरेच मोठे असे चांदीचे एक नाणे सापडले. एका बाजूला चोचीत साप धरलेला गरुड आहे, दुसऱ्या बाजूला पिसांचे शिरोभूषण घातलेला पुरुष असून साल १९४८ आहे. हे ॲझ्टेक लोकांचे नाणे आहे असे भाचा म्हणतो. आमचे सराफ ते चांदीच्या भावाने मोडून घ्यायला तयार आहेत. नाणे काळे पडले आहे, ते चिंचेने घासून काढावे काय? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाच्याचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. हे मेक्सिकोचे पाच पेसोंचे नाणे असून त्यावर क्वाउतेमोक हा अखेरचा ॲझ्टेक सम्राट आहे. ॲझ्टेक म्हणजे स्पॅनिश येण्यापूर्वी मेक्सिकोत राज्य करणारे लोक. मात्र ते ॲझ्टेकांनी पाडलेले नाही. त्यांच्याकडे धातूची नाणी नव्हतीच. बाजारात किरकोळ व्यवहार कोकोच्या बियांनी आणि मोठे व्यवहार सुती वस्त्रांनी होत असत. (त्या बियांतही भेसळ चाले. राजगिऱ्याचे पीठ किंवा मेण भरून बनावट बिया खपवणारे व्यापारी होते, असे स्पॅनिश धर्मोपदेशकांनी लिहून ठेवले आहे. आपण उपवासाला खातो त्या राजगिऱ्याचा हा उपयोग वाचून मला हसू आले होते.) क्वाउतेमोक १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिशांच्या हाती सापडला. लपवलेले सोने दाखवावे म्हणून त्याचे पाय भाजण्यात आले आणि १५२५ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने त्याला फासावर लटकवले. त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ लोटल्यावर स्वतंत्र मेक्सिकोने त्याची मुद्रा आपल्या चलनावर आणली. हरलेल्या राजाचा असा मान जेत्याच्या नाण्यावर कधी दिसत नाही, आणि या नाण्याचे खरे आकर्षण मला तेथेच वाटते. त्याच्या नावाचा अर्थ ‘झेपावणारा गरुड’ असा आहे. आपल्याकडे १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने ससाण्याची मोहर पाडली, ती मात्र जिंकणाऱ्याची.

आता चांदीविषयी. हे नाणे १९४७ आणि १९४८ अशी दोनच वर्षे निघाले. पहिल्या वर्षी सुमारे ५१ लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे २ कोटी ६७ लाख नाणी पाडली गेली. म्हणजे आपले नाणे दुर्मिळ नाही, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. त्याचे वजन ३० ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २७ ग्रॅम भरते. साधारण अडीच राणीछाप रुपयांत असते तेवढी. सराफांनी सांगितलेला भाव याच हिशेबाने तपासून पाहावा. तरीही ते मोडू नये असे माझे मत आहे, कारण चांदी उद्याही मोडता येईल, पण वडिलांच्या पेटीतून निघालेले नाणे एकदा मुशीत गेले की गेले.

घासणे तर सर्वथा टाळावे. वरचा काळेपणा म्हणजे हवेतील गंधकामुळे चांदीवर आलेला थर असून चिंच, राख किंवा दंतमंजन लावले की त्याबरोबर नाण्याची मूळ झळाळीही निघून जाते. चेहऱ्याच्या उंच भागावरच्या बारीक रेषा पुसल्या जातात आणि जाणकार ग्राहक भिंगाखाली ते ओरखडे पाहून किंमत तत्काळ उतरवतो. धूळ असेल तर साध्या पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडावर टिपून कोरडे करावे, चोळू नये. नाणे मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. खानदेशच्या उन्हाळ्यात ते पाकीट घामेजल्यासारखे चिकट होते आणि नाण्यावर हिरवा थर चढतो.

प्रश्न : वरीलप्रमाणेच ॲझ्टेक राजांची नाणी जमवण्याची मला इच्छा आहे. प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला दोन नाणी दाखवली. खरी कशी ओळखावीत? — एक वाचिका, शिरपूर

उत्तर : मेक्सिकोच्या चांदीशी आपले नाते जुने आहे. सतराव्या शतकात स्पॅनिश अमेरिकेतील चांदीचे ‘आठ रेआल’ युरोपमार्गे सुरतेला येत आणि तेथील टाकसाळीत वितळून रुपये होत. त्या सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारच्या बाजूने जात असे. त्या चांदीवर मात्र स्पॅनिश राजाची मुद्रा असे. ॲझ्टेक राजांपैकी नाण्यांवर सर्वांत जास्त वेळा क्वाउतेमोकच दिसतो. पाच पेसोंनंतर १९५० आणि १९५१ या सालांचे ५० सेंटावोचे (म्हणजे अर्ध्या पेसोचे) छोटे नाणे पाहावे, ते ६.६६ ग्रॅमचे असून चांदी केवळ ३० टक्के असल्याने स्वस्तात मिळते. १९५५ पासूनचे ५० सेंटावो कांस्याचे आणि पुढे तांबे-निकेलचे आहे, तेव्हा ‘चांदीचे’ म्हणून ते कोणी दिल्यास घेऊ नये.

खरेपणासाठी वजन आणि व्यास दोन्ही मोजावेत. हलक्या धातूचे नाणे ३० ग्रॅम आणि ४० मिलिमीटर भरवायचे तर ते जाड करावेच लागते, म्हणून खऱ्या नाण्याशेजारी उभे धरले की फरक दिसतो. याहून चांगली परीक्षा पाण्याची. सराफाच्या नाजूक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याला बांधून, तळाला किंवा बाजूला न लागता, पाण्यात पूर्ण बुडवावे. पाच पेसोंच्या खऱ्या नाण्याला काटा २.९ ग्रॅमच्या आसपास दाखवतो; जर्मन सिल्व्हरचे (म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या, चांदी नसलेल्या मिश्रधातूचे) असल्यास साडेतीनच्या जवळ जातो. धातूची शुद्धता मोजणारे कॅरेटमीटरचे यंत्र फक्त वरचा थर वाचते, त्यामुळे मुलामा दिलेले नाणे त्यातून निसटू शकते. सराफाकडे जाल तेव्हा मात्र ‘कसोटीवर घासू नका’ असे नाणे हातात देण्यापूर्वीच सांगावे. ती त्यांची हातची सवय असते आणि कडेवर पडलेला कस पुन्हा बुजत नाही.