उधाण रोज येत नाही

दापोलीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नकाशावर त्यांच्या वाडीतली 'भरती रेषा' पार माडांच्या मुळाशी दाखवली आहे. रोजचं पाणी तर त्याच्या कितीतरी खाली थांबतं. मग 'भरती' हा शब्द चुकला का? आणि गावात म्हणतात ती 'उधाणाची भरती' ही द्विरुक्ती नव्हे का?

द्विरुक्ती मुळीच नाही. भरती दिवसातून दोनदा येते, उधाण पंधरवड्यातून एकदा. आवस-पुनवेच्या आसपास पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा खाली जातं, ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला चढही कमी आणि उतारही कमी, तो भांग. म्हणून उधाणाची भरती आणि भांगाची भरती असे दोन्ही प्रयोग लागतात, आणि कोकणात ते रोज लागतात.

मात्र जुलै उजाडला की बातम्यांमध्ये जे 'समुद्राला उधाण' सुरू होतं, ते ऐकवत नाही. वारा सुटला, लाटा बंधाऱ्यावर आपटल्या की झालं उधाण! वाऱ्याने समुद्र खवळतो. उधाण तिथीने येतं. झुळूकही नसताना, पाणी तेलासारखं संथ असताना खाडीकाठच्या अंगणात गुपचूप शिरतं ते उधाण. आणि अष्टमीला वादळ झालं तर समुद्र खवळलेला आणि तरी भांगाचाच. 'खवळणे' हा इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसऱ्याचं काम उधाणाच्या गळ्यात कशाला? 'उत्साहाला उधाण' मला चालतं, कारण तिथे चढ आहे. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ज्यांना हे गणित तोंडपाठ आहे, ते उधाण आणि वादळ यांची गल्लत कधी करत नाहीत.

आता व्युत्पत्ती. 'उदधि'पासून उधाण आणणारे बरेच भेटतात. अर्थ समुद्राचा, अक्षरं जवळची, की जोडून मोकळे. हे मला पटत नाही. 'उदधि'मधला सुटा द प्राकृतात टिकत नाही, आणि शेवटचा ण कुठून आला याचं उत्तर कोणी देत नाही. आकारान्त, इकारान्त काहीही समोर आलं की 'पुढे प्रत्यय लागला' म्हणून सांगणं ही व्युत्पत्ती नव्हे, पळवाट आहे.

माझ्या मते शब्द 'उद्धान' आहे. उद्धारचा उधार झाला, तसा उद्धानचा उधाण. स्थानचं ठाण झालं, तसा नचा ण. लिंगसुद्धा नपुंसकच राहिलं. एक अक्षर ओढूनताणून आणावं लागत नाही. आणि उद्धान म्हणजे काय? अमरकोशात चुलीचे पर्याय दिले आहेत, अश्मन्त, अधिश्रयणी, चुल्लि, त्यांच्यात हा शब्द बसला आहे. उद्धान म्हणजे चूल! याच शब्दाला संस्कृत कोशांत 'फुगलेला' असाही अर्थ आहे. चुलीवर दूध ठेवलं की ते आधी फुगतं, कडेपर्यंत येतं, मग आवाज न करता उतू जातं. पुनवेच्या रात्री खाडीच्या काठावर बसून बघा. पाणी अगदी असंच येतं. धडकत नाही, फुगत येतं. ही उपपत्ती माझी आहे आणि ध्वनिनियमांवर ती खोडून दाखवणाऱ्याचं मी मनापासून ऐकेन. नुसतं 'उदधि सोपा वाटतो' एवढ्यावर मात्र नाही.

भांगाची गोष्ट सरळ आहे: भङ्ग, अङ्गाचं आंग झालं तसा. पाण्याचा जोर मोडतो तो भांग. अष्टमीचा चंद्र अर्धा, म्हणून त्याला केसांच्या भांगाशी जोडणारेही आहेत. पण केसांचा भांगही त्याच भङ्गातून आला आहे, तेव्हा भांडायला जागा उरत नाही.

याचा कायद्याशी संबंध आहे, आणि मोठा आहे. 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 19 फेब्रुवारी 1991ला किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. तिने समुद्रकाठची 500 मीटरची पट्टी नियमांखाली आणली. ही पट्टी मोजायची कुठून? उधाणाला सर्वांत वरचं पाणी जिथे पोचतं तिथून. इंग्रजी मजकुरात 'स्प्रिंग टाइड' असे शब्द आहेत. मराठीत त्याची 'भरती' झाली आणि नेमका जीव असलेला शब्द गळाला. एका जनसुनावणीच्या मराठी कागदात तर मी 'वसंत ऋतूतील भरती' वाचलं आणि फार वाईट वाटलं. तिथला 'स्प्रिंग' हा उसळून वर येण्याचा आहे, ऋतूचा नाही. ज्यांचं घर त्या रेषेच्या आत की बाहेर हे ठरणार होतं, त्यांच्या हातात तो कागद होता.

कारण रेषा सरकली की सगळं सरकतं. ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला बंदी असलेला पट्टा या रेषेपासून 200 मीटर. 2019च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे 2011च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, तो 50वर आणला. खाडीकाठी 2011च्या अधिसूचनेत 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते होतं. 2019मध्ये 100चे 50 झाले. खाडीत भरतीचा अंमल कुठवर धरायचा हे पाण्याच्या खारटपणावर ठरतं: वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत हजारी पाच भाग मीठ. आपल्याकडे 'खारं पाणी कुठवर चढतं' म्हणतात, तेच हे माप.

खारबांधाचा, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाचा, नियम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. 1991च्या अधिसूचनेआधीचा बांध किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) असेल, तर रेषा त्या बांधावर थांबते. पण बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं आणि तिथे कांदळ उगवलं, तर त्या कांदळवनाला पूर्ण संरक्षण, मग ते कितीही लहान असो. म्हणजे बांधाला खांड पडणं ही नुसती शेतीची गोष्ट राहत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. नकाशातली रेषा रोजच्या पाण्याच्या वर असायलाच हवी. रेषा बरोबर असू शकते, तिचं नाव कमी पडतं. मी लिहितो आणि बोलतो तेव्हा 'उधाणरेषा' म्हणतो, आणि सरकारी कागदातही तोच शब्द यावा असं मला वाटतं. तुमच्या नकाशाबद्दल शंका असेल तर अष्टमीच्या ओल्या वाळूचा फोटो काढून नेऊ नका. उधाण आपल्याकडे आवसेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत वर चढतं. त्या प्रतिपदा-द्वितीयेला, पाऊणपटीच्या हिशोबाने पाऊण-दीडच्या सुमाराला माडाखाली उभे राहा आणि पाणी थांबेल तिथे खुंटी ठोका.