एनएफएलमध्ये सर्वात जास्त विजेतेपदं कोणाची? ६ की १३?

प्रश्नकर्ते नुकतेच अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएल ही त्याची लीग, बघायला लागलेत. एका तक्त्यात पॅट्रियट्स आणि स्टीलर्स ६-६ विजेतेपदांनी सर्वात वर दिसतात, दुसऱ्यात ग्रीन बे पॅकर्सच्या नावापुढे १३. खरं कोणतं, आणि जर्सी कोणाची घ्यावी, असं विचारलंय.

खरा आकडा १३. पॅकर्स. त्यांच्यामागे शिकागो बेअर्स ९ आणि न्यू यॉर्क जायंट्स ८. सहाचा आकडा चुकीचा नाही, पण तो फक्त सुपर बोलचा, म्हणजे आजच्या अंतिम सामन्याचा आहे आणि सुपर बोल सुरू झाला १९६६च्या हंगामापासून. लीग सुरू झाली १९२० साली. मधली ४६ वर्षं पुसून टाकायची आणि वर 'इतिहासातला सर्वात यशस्वी संघ' म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही. मुंबईची ४२ रणजी विजेतेपदं मोजताना सलग १५ वर्षं जिंकलेली जुनी वर्षं कोणी वगळतं का?

पॅकर्सचंच बघा. १९६५, ६६, ६७ असे सलग तीन हंगाम ते विजेते होते. प्रशिक्षक तेच, व्हिन्स लोम्बार्डी, आणि संघही बहुतांशी तोच. पण सुपर बोलचा तक्ता ६६ आणि ६७ धरतो, ६५ सोडतो. का, तर त्या वर्षी ब्राउन्सना २३-१२ हरवून जिंकलेल्या सामन्याला 'सुपर बोल' म्हणत नव्हते म्हणून. हा काय निकष झाला?

"जुन्या काळी नियमच धड नव्हते, बैठकीत ठरवून विजेतेपद वाटायचे," हा मुद्दा हमखास येतो. त्यात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. १९३२ घ्या.

तेव्हा अंतिम सामना नसायचा. हंगामअखेर ज्याची विजयाची टक्केवारी जास्त तो विजेता, आणि बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरायचेच नाहीत. म्हणजे विजय भागिले विजय अधिक पराभव, बस. त्या वर्षी बेअर्स ६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी. ओहायोमधल्या पोर्ट्समथ गावचा स्पार्टन्स ६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी. दोघांची टक्केवारी ०.८५७. पॅकर्सनी तब्बल १० सामने जिंकलेले, पण ३ हरलेले आणि १ बरोबरीत, म्हणून ते ०.७६९वर अडकले. दहा विजयांचा संघ सहा विजयांच्या दोन संघांच्या खाली!

मग बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यात एक जादा सामना ठेवला, १८ डिसेंबरला. शिकागोत बर्फ आणि कडाक्याची थंडी, त्यामुळे सामना शिकागो स्टेडियमच्या छताखाली हलवला. आत जागा अपुरी, म्हणून मैदान जेमतेम ८० यार्डांचं, कडेला थेट भिंती. चेंडू भिंतीपाशी गेला की आत आणून खेळ सुरू करायचा आणि गोलपोस्ट मागून पुढे गोलरेषेवर. स्पार्टन्सचा सर्वात मोठा खेळाडू डच क्लार्क आलाच नाही, तो कॉलेजात बास्केटबॉल शिकवायच्या नोकरीवर हजर होता. चौथ्या भागापर्यंत फळा कोरा. मग ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रेंजला पास दिला आणि टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार. स्पार्टन्स ओरडले की नागुर्स्की खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे नव्हता, त्या वेळच्या नियमाने तो पास बाद. पंचांनी ऐकलं नाही. निकाल ९-०. हा सामना तक्त्यातही धरला, त्यामुळे स्पार्टन्स ०.७५०वर येऊन थेट तिसरे झाले, पॅकर्सच्याही खाली.

पुढच्याच वर्षी रेषेच्या मागून कुठूनही पास द्यायची मुभा मिळाली, लीगचे दोन विभाग झाले आणि रीतसर अंतिम सामना सुरू झाला. पहिला बेअर्सनी जायंट्सविरुद्ध २३-२१ जिंकला. म्हणजे 'नियम धड नव्हते' म्हणता ती अवस्था १९३२ला संपली. मग १९३३ ते १९६५ची विजेतेपदं कोणत्या तोंडाने वगळायची?

आता गंमत बघा. बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव हा आजचा नियम १९७२पासूनचा. तो मागे लावून पाहिला तर १९३२ची टक्केवारी (जादा सामना सोडून) पॅकर्स ०.७५०, स्पार्टन्स ०.७२७ आणि बेअर्स ०.६९२, म्हणजे विजेतेपद पॅकर्सचं. पण १९३०ला पॅकर्स १०-३-१ (विजय-पराभव-बरोबरी) आणि जायंट्स १३-४ होते. तेव्हाच्या हिशेबाने ०.७६९ विरुद्ध ०.७६५, पॅकर्स केसभर पुढे. आजच्या हिशेबाने पॅकर्स ०.७५०वर घसरतात आणि ते विजेतेपद जायंट्सकडे जातं. एक गेलं, एक आलं. पॅकर्स १३ ते १३च! वरच्या तिघांत बदल होतो तो बेअर्स ८ आणि जायंट्स ९ एवढाच. अर्थात असं मागे जाऊन नियम लावू नयेच. संघ त्या दिवशीच्या नियमाने खेळले.

मोजताना लोक कुठे चुकतात तेही सांगतो. सुरुवातीला सुपर बोल एनएफएल आणि एएफएल या दोन लीगच्या विजेत्यांमध्ये व्हायचा. पॅकर्सनी १९६६ आणि ६७ला एनएफएलचा अंतिम सामनाही जिंकला आणि सुपर बोलही. दोन्ही वेगळे मोजले की १५ येतात. एका हंगामाचा विजेता एकच. कोल्ट्स (१९६८) आणि व्हायकिंग्ज (१९६९) एनएफएल जिंकून सुपर बोल हरले, तिथे विजेते जेट्स आणि चीफ्सच धरा. एएफएल ही १९६०ची प्रतिस्पर्धी लीग, तिची विजेतेपदं वेगळ्या रकान्यात. वर्ष नेहमी हंगामाचं लिहा. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ला झाला, पण विजेतेपद १९६६चं. संघाने गाव बदललं तरी विजेतेपदं सोबत जातात. रॅम्स १९४५ला क्लीव्हलँडमध्ये, ५१ला लॉस एंजेलिसमध्ये, ९९ला सेंट लुइसमध्ये आणि २०२१ला पुन्हा लॉस एंजेलिसमध्ये जिंकले, एकूण चार. अपवाद ब्राउन्सचा. मालक संघ घेऊन बाल्टिमोरला गेला, पण करारानुसार इतिहास क्लीव्हलँडलाच राहिला. त्यामुळे बाल्टिमोरच्या त्या संघाची, म्हणजे रेव्हन्सची दोनच.

एक मान्य करायला हवं. १९३२ला लीगमध्ये आठ संघ होते, आज ३२ आहेत, तेव्हा जिंकणं तुलनेने सोपं होतं. त्यामुळे पॅट्रियट्सची सहा वजनाने मोठी आहेत असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. वजन वेगळं आणि मोजणी वेगळी.

जर्सीचं म्हणाल तर डेट्रॉइट लायन्सची घ्या. पोर्ट्समथचा तो संघच १९३४ला डेट्रॉइटला जाऊन लायन्स झाला. १९३५, ५२, ५३ आणि ५७ अशी त्यांची चार विजेतेपदं, शेवटचं तर ब्राउन्सना ५९-१४ असं चिरडून. सुपर बोलच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य आहे.