स्प्रिंगफिल्डच्या बागेतला पुतळा कोणाचा?

प्रश्न : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला मुलीकडे राहून आलो. तिथल्या बागेत एका हातात काठी, काखेत बायबल आणि अंगावर घोळदार झगा अशा, तरातरा चाललेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा पाहिला. नाव 'द प्युरिटन'. गाव वसवणारा तो हाच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. गाव वसवलं विल्यम पिंचननं, 1636 मध्ये. पुतळा आहे डीकन, म्हणजे चर्चच्या कामात पाद्र्याला मदत करणारा मानकरी, सॅम्युअल चॅपिन याचा. प्युरिटन म्हणजे कडक आचाराचा आग्रह धरणाऱ्या इंग्लिश प्रोटेस्टंट पंथाचा माणूस. तो इंग्लंडमधल्या डेव्हनचा. आधी बॉस्टनजवळच्या रॉक्सबरीला राहिला आणि 1642 च्या सुमारास बायकामुलांसह स्प्रिंगफिल्डला आला.

पुतळा 1887 चा, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. चॅपिनचं चित्रच उपलब्ध नव्हतं, म्हणून चेहरा घेतला त्याच्या वंशजाचा. ती करडी मुद्रा पाहून हा माणूस कायम कोणाला तरी दटावत असेल असं वाटतं. मला मात्र कागदपत्रांतला चॅपिन जास्त जवळचा वाटतो. सप्टेंबर 1644 मध्ये गावानं पहिल्यांदा पाच पंच निवडले, त्यांत तो होता. त्यांच्याकडे काम काय, तर रस्ते आणि पूल करवून घ्यायचे, चर उपसून घ्यायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं मिटवायची. पुढे पिंचनच्या धर्मविषयक पुस्तकाची बॉस्टनच्या बाजारात होळी झाली, 1652 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि गावातले खटले ऐकायला तिघे नेमले गेले : पिंचनचा मुलगा जॉन, जावई एलिझर होलिओक आणि चॅपिन. गावाला पाद्री नव्हता तेव्हा रविवारची प्रार्थनाही त्यानं चालवली. पुतळ्यात यातलं काहीच दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ही जमीन कोणाची होती, तेही सांगायलाच हवं. जुलै 1636 च्या खरेदीखतात आगावामच्या (या परिसराचं हे मूळ नाव) मूळ रहिवाशांना काय दिलं ते लिहिलंय : शिंपल्यांच्या मण्यांच्या 18 वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) माळा, 18 कोट, 18 कुऱ्हाडी, 18 कुदळी, 18 सुऱ्या. मासे, हरणं, अक्रोड, ओकची फळं घेण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहिला. गोऱ्यांच्या गुरांनी मका खाल्ला तर भरपाई द्यायची, आणि नदीच्या आगावामकडच्या काठावर डुकरं सोडायची ती फक्त ओकच्या फळांच्या हंगामात. इतक्या बारकाईनं लिहिलेलं खत, पण वसाहत वाढत गेली तशी त्या लोकांची जागा आक्रसतच गेली. 5 ऑक्टोबर 1675 ला त्यांनी इतर टोळ्यांच्या साथीनं गाव पेटवलं. म्हातारा चॅपिन पुढच्याच महिन्यात वारला.

पुन्हा जाणं झालं तर पुतळ्याशेजारच्या ग्रंथालयात शिरा. गावसभेच्या जुन्या नोंदी छापलेल्या आहेत, त्या मागून घ्या आणि 1644 पासून वाचायला लागा.