वाचकांचे प्रश्न : पिकअपला लॉकर की लिमिटेड स्लिप?

प्रश्न : माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. मागे पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) सलग अ‍ॅक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि दोन्हीकडे साधे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच, आहे. आठवडाभर गाडी माल वाहते आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटांवर जाते. अलीकडे एक ओहोळ ओलांडून चढताना पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक जागच्या जागी फिरत राहिले आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर, लावूनही गाडी हलली नाही. काही मित्र लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक काही प्रमाणात रोखणारे डिफरन्शियल, बसवायला सांगतात, तर काही दोन्ही चाके एकमेकांशी पूर्ण बांधणारा लॉकर. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या ट्रान्सफर केसने, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीने, तिचे काम चोख केले होते. फोर-लो लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी बांधला जातो. परंतु त्याच्या पुढे प्रत्येक अ‍ॅक्सलवर साधे डिफरन्शियल बसलेले असते आणि गाडी अडते ती तिथे. ‘सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे गेली’ असे आपण नेहमी म्हणतो, पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना टॉर्क (चाक फिरवणारा जोर) सारखाच देते, फक्त दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. निसरड्या चाकाखालची जमीन फार थोडा टॉर्क पेलू शकते आणि म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा टॉर्क मिळतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, मागचे उजवे चाक चिखलात आहे आणि १०० न्यूटन-मीटरच्या वर ते घसरते. साध्या डिफरन्शियलमध्ये डाव्या चाकालाही १०० मिळतील, म्हणजे एकूण २००. दातेरी रचनेचे, टॉर्सन पद्धतीचे लिमिटेड स्लिप असेल आणि त्याचे टॉर्क-गुणोत्तर ३ असेल, तर डाव्या चाकाला ३०० पर्यंत मिळतील आणि एकूण ४०० होतील. लॉकर लावला असेल तर दोन्ही अर्धे शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि डाव्या चाकाखालची जमीन जेवढा टॉर्क पेलेल, तेवढा इंजिन आणि गिअर त्याला पुरवू शकतात. आता तेच उजवे चाक चिखलातून उचलून हवेत लटकवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्हीकडे जवळजवळ शून्य, आणि शून्याची तिप्पटही शून्यच. क्लच-प्लेट असलेल्या लिमिटेड स्लिपमध्ये प्लेटांवर स्प्रिंगचा जो सुरुवातीचा दाब असतो, प्रामुख्याने त्याच्याच जोरावर थोडा टॉर्क पलीकडे पोहोचतो. लॉकरला मात्र चाक हवेत आहे की चिखलात, याने फरक पडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आधी आपली गाडी कशामुळे अडते ते पाहावे. चाक जमिनीवर टेकलेले असून नुसती पकड सुटत असेल, म्हणजे ओली खडी, पातळ चिखल किंवा सैल वाळू असेल, तर लिमिटेड स्लिप पुष्कळ मदत करते. शिवाय ते आपोआप चालते आणि रस्त्यावर त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. चाकावरचा भारच नाहीसा होत असेल, तर उत्तर लॉकर हेच आहे. आपण सांगितलेला प्रसंग, तिरप्या रेषेतल्या कोपऱ्यांवरची दोन चाके एकदम हलकी होण्याचा, दुसऱ्या प्रकारात मोडतो. माल वाहून नेणारे जाड पाटे रिकाम्या गाडीत फारसे दबत नाहीत, त्यामुळे मागचे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी उचलले जाते. आपल्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलवर चालकाच्या हातात राहणारा, म्हणजे हवेच्या दाबावर, विजेवर किंवा केबलवर लागणारा आणि सुटणारा लॉकर मी सुचवेन. बटण दाबेपर्यंत तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो, आणि आठवडाभर माल वाहणाऱ्या गाडीत हा गुण मोठा आहे.

प्रश्न : आपोआप लागणारा लॉकर अधिक सोपा असतो, त्याला बटण नाही, कॉम्प्रेसर नाही, वायरिंग नाही. मग तोच मागे का बसवू नये?

उत्तर : रचनेचा साधेपणा आणि मजबुती या बाबतींत आपले म्हणणे बरोबर आहे. ‘डिट्रॉइट लॉकर’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार हा संपूर्ण नवीन कॅरिअर, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर धरणारे कवच, असतो, तर त्याचे छोटे भाऊबंद मूळ कॅरिअरमधील लहान गिअर काढून त्या जागी बसतात. दोन्हींत चाके एरवी जोडलेली असतात आणि वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की त्या बाजूची पकड सुटते. टकटक असा आवाज ऐकू येतो तो याच वेळी.

माझी काळजी आवाजाची नाही. रिकाम्या पिकअपचे अधिक वजन पुढच्या चाकांवर असते आणि मागचा हौदा हलका राहतो. पावसात ओल्या रस्त्यावर वळण घेताना चालकाने अ‍ॅक्सलरेटर दाबला, तर आपोआप लागणारा लॉकर दोन्ही मागची चाके जोडतो आणि ती दोन्ही एकदम घसरू शकतात. साध्या डिफरन्शियलमध्ये आतले एक चाक घसरते आणि दुसरे गाडीचा मागचा भाग सरळ धरून ठेवते. तो आधारच इथे निघून जातो. वळणाच्या मध्येच पाय उचलला तर मागचा भाग झटका देऊन जागा बदलतो, हेही नव्या चालकाला बिचकवणारे असते. एकच माणूस गाडी चालवत असेल आणि त्याला या वागण्याची सवय झाली असेल, तर गोष्ट वेगळी. ज्या पिकअपची किल्ली अनेकांच्या हातात जाते, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर हा लॉकर बसवू नये, असे मला मनापासून वाटते.

आडव्या उताराबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक चाक फिरत असताना दुसरे स्थिर असेल, तर ते स्थिर चाक गाडीला खाली घसरू देत नाही. दोन्ही चाके एकत्र फिरू लागली की तो अ‍ॅक्सल अख्खा उताराच्या दिशेने सरकतो. बटणाचा लॉकर अशा जागी सोडून देता येतो.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे. मग लॉकर हवाच कशाला?

उत्तर : ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, त्या ब्रेकचा विरोध डिफरन्शियलला पकडीसारखाच भासतो आणि पलीकडच्या चाकाला टॉर्क मिळतो. चांगली प्रणाली बऱ्याच जागांतून गाडी बाहेर काढते. तरी तिला जागे होण्यासाठी चाक आधी फिरावे लागते, आणि सैल जमिनीत तेवढ्या फिरण्याने चाक खाली खणत जाते. लांब चढावर ब्रेकही तापतात. लॉकर चाक फिरण्यापूर्वीच लावता येतो, आणि खडकांवर हळूहळू चढताना हा फरक फार जाणवतो. मात्र मूळ कंपनीचा मागचा लॉकर लावताच अनेक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि मग पुढचा अ‍ॅक्सल पुन्हा नुसत्या साध्या डिफरन्शियलवर येतो. म्हणून आपल्या गाडीत काय होते ते पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दातेरी लिमिटेड स्लिप आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांची जोडी चांगली जमते, कारण ब्रेकने दिलेल्या थोड्या विरोधाचा ते डिफरन्शियल गुणाकार करते. ट्रॅक्शन कंट्रोल नसलेल्या गाडीत चालकाने डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबूनही हेच साधता येते.

प्रश्न : पुढेही लॉकर बसवावा का?

उत्तर : मागचा बसवून काही काळ गाडी वापरल्याशिवाय नको. पुढचा लॉकर लागला की स्टीअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. चाके पूर्ण वळवून त्याच स्थितीत जोर लावला, तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोहोचवणारा सांधा, तुटण्याची शक्यता असते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत तर विशेष.

प्रश्न : बसवताना आणि नंतर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : खरेदीपूर्वी शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या खाचांची) संख्या आणि क्राउन-पिनियन या मुख्य गिअरजोडीचे गुणोत्तर तपासावे, कारण एकाच मॉडेलमध्येही ती वेगळी असू शकतात. पूर्ण कॅरिअर बदलताना क्राउन आणि पिनियन यांच्या दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावी लागते. दातांना रंग लावून ते एकमेकांवर नेमके कुठे टेकतात तेही पाहावे लागते, आणि ज्या मेकॅनिककडे डायल गेज नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये. क्लच-प्लेटच्या लिमिटेड स्लिपला तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारे मिश्रण) लागतो. तो नसेल तर वळणावर प्लेटा कुरकुरतात. अशा प्लेटा झिजतातही, दातेरी प्रकारात तो प्रश्न नाही. एका अ‍ॅक्सलवर नवा आणि झिजलेला टायर एकत्र ठेवू नये, कारण घेरातल्या फरकामुळे लिमिटेड स्लिप सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते.

लिमिटेड स्लिप किंवा आपोआप लागणारा लॉकर असलेल्या गाडीचे मागचे एकच चाक जॅकवर उचलून इंजिनच्या जोराने ते फिरवू नये. जमिनीवरचे दुसरे चाक त्याच वेळी गाडी पुढे ढकलते आणि ती जॅकवरून उतरते. चाके फिरवून तपासायची असतील, तर संपूर्ण अ‍ॅक्सल घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उचलून पुढच्या चाकांना पाचर लावावी.