कोपरा अडला की आधी ‘पक्कं’ उत्तर तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. पाच मित्रमैत्रिणी, रविवारचं गूढ शब्दकोडं, तासाभरात बरंचसं भरलेलं, आणि मग डावीकडचा खालचा कोपरा दोन दिवस हलत नाही. अडलेली सूत्रं, म्हणजे उत्तर सुचवणारी वाक्यं, तुम्ही दिली आहेत हे बरं केलंत. कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा, व्याख्या (उत्तराचा सरळ अर्थ) सूत्राच्या एका टोकाला, आणि उरलेल्या शब्दांत उत्तर तुकड्यांनी घडवणारी फोड, हे सगळं तुम्हाला येतंच, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुमच्या अडलेल्या उभ्या सूत्रात काही अडचण नाही. त्याला छेदणारा तुमचा आडवा १४ चुकलाय.

‘दीपाला हात जोडले, सूर्य भेटला (४)’. पहिलं ‘दि’ आणि शेवटचं ‘र’ मिळालेलं होतं, अर्थ सूर्य, म्हणून कुणीतरी ‘दिनकर’ म्हणालं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. आता फोड करून बघा. दीप म्हणजे दिवा, हात म्हणजे कर, ‘जोडले’ ही सूचना, सूर्य ही व्याख्या, ‘भेटला’ हा दुवा. उत्तर ‘दिवाकर’. म्हणजे दुसऱ्या घरात ‘न’ नसून ‘वा’ आहे आणि तिथून खाली उतरणारं ‘किंवा सैन्य येते घोंघावत (३)’ सरळ सुटतं: वा अधिक दळ, वादळ. तुम्ही दोन दिवस ‘न’ने सुरू होणारं सैन्य शोधत होतात.

आमच्या गटाचे सगळ्यात जास्त तास याच एका चुकीत गेले, म्हणून जरा लांबण लावते. अर्थ जुळला, चौकटीतली अक्षरं जुळली, पण फोड कुणीच सांगितली नाही, तरी उत्तर पक्कं धरलं. एकट्याने सोडवताना मनात शंका राहते. गटात तीच शंका प्रत्येकाला वाटते, ‘दुसऱ्याला कळलं असेल’ म्हणून प्रत्येकजण गप्प बसतो, आणि ते अक्षर दगडावरची रेघ होतं. त्यात पाच हुशार माणसं एकत्र आली की कुठल्याही चुकीच्या उत्तराचं समर्थन सापडतं. ‘दीप म्हणजे उजेड, उजेड म्हणजे दिवस, दिवस म्हणजे दिन’ असं तुमच्याकडेही कुणी म्हणालं असणार. हा तीन उड्यांचा अर्थ झाला. सूत्रातल्या शब्दापासून उत्तरातल्या तुकड्यापर्यंत एकाच उडीत जाता आलं पाहिजे. दुसरी उडी लागली की उत्तर बाजूला ठेवा.

मराठीत हा सापळा जास्त खोल आहे, कारण आपले संस्कृत प्रतिशब्द एकाच साच्यातून निघतात. सूर्य: दिनकर, दिवाकर, प्रभाकर, तिन्ही चार अक्षरी, तिन्हींच्या शेवटी ‘कर’. कमळ: जलज, नीरज, पंकज, सरोज, अंबुज, वारिज. ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद. समुद्र: जलधी, उदधी, अंबुधी. या कुटुंबांत शेवटचं अक्षर मिळालं तर हाती काहीच लागलेलं नसतं. जलज, जलद, जलधी यांत तर पहिली दोन अक्षरंही सारखीच. अशा शब्दांची फोड मिळाल्याशिवाय एक घरही भरू नका.

ब्रिटनमध्ये ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली रास्त सूत्रांचे नियम नीट मांडून ठेवले, आणि त्यांच्यानंतरचे रचनाकार ‘अझेड’ यांनी त्यांचं सार एका नियमात सांगितलं: सूत्रात अचूक व्याख्या असावी, उत्तराकडे नेणारी रास्त फोड असावी आणि याखेरीज काहीही नसावं. हा नियम रचणाऱ्यांसाठी असला तरी सोडवणाऱ्यांनाही तितकाच उपयोगी. उत्तर आलं की सूत्रातला एकेक शब्द बोटाने खोडत जा. एकही शब्द बेकार उरला तर तुमचं उत्तर तरी चुकलंय किंवा सूत्र तरी कच्चं आहे.

गटासाठी पद्धत अशी ठेवा. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, ज्याने त्याने आपापलं बघायचं. मग सामायिक शीटमध्ये उत्तर करड्या रंगात लिहायचं. ज्याने उत्तर दिलं त्याने फोड सांगायची नाही, दुसऱ्याने सांगायची. त्याला जमली की अक्षरं काळी करायची. कोपरा अडला तर नवीन डोकं चालवण्याआधी करडी उत्तरं खोडा. दोन अडलेली सूत्रं एकाच भरलेल्या शब्दाला छेदत असतील तर पहिला संशय त्या शब्दावर घ्या, मग तो काळा का असेना.

तुमच्यातला जो मित्र भराभर उत्तरं टाकतो आणि बाकीच्यांची मजा जाते, त्याला गप्प बसवू नका. त्याला मदत पायरीपायरीने द्यायला सांगा: आधी फक्त व्याख्या सूत्राच्या कुठल्या टोकाला आहे ते, मग प्रकार (जोड, लपलेला, उलटा, पोटातला, अक्षरांची सरमिसळ), मग एक अक्षर. व्हॉट्सॲपवर उत्तर टाकायचंच असेल तर आधी भरपूर ओळींत नुसती टिंबं टाकायची म्हणजे ते ‘आणखी वाचा’च्या घडीत दडतं. शीटमध्ये पांढरी अक्षरं चालतात. माझ्या मते गट तीन-चार जणांचाच बरा, पाचव्यापासून कुणीतरी नुसतं वाचत बसतं. अर्थात तुमचा पाच जणांचा जमला असेल तर मोडू नका.

कोडं कुणी परिचिताने रचलेलं असेल तर मात्रांचा नियम सुरुवातीलाच विचारून घ्या. ‘दिव्यात जळते ती उलटली, पोळी भाजायला घेतली (२)’ याचं उत्तर तवा, कारण ‘वात’ उलटताना काना ‘वा’बरोबरच गेला. वाल्या कोळ्याच्या ‘मरा’चा ‘राम’ झाला तो याच नियमाने. पण ‘नवरा बिथरला, माकड झाला (३)’ याचं उत्तर वानर हवं असेल तर ‘रा’चा काना सुटून ‘व’ला लागावा लागतो. काही रचनाकार हे मान्य करतात, मी करत नाही. दोन्ही पद्धती असू शकतात, पण एका कोड्यात एकच हवी.

प्रत्ययांचंही तसंच. ‘सारात खवय्याची सुरुवात, चहात हवीच (३)’ यात ‘सारात’मधला प्रत्यय नुसती सूचना आहे: ‘सार’च्या पोटात ‘ख’, साखर. पण ‘घरात दडलेली, चंद्र मिरवणारी (२)’ यात तो ‘त’ कच्चा माल आहे, कारण उत्तर ‘रात’. म्हणून लपलेल्या शब्दाचा संशय आला की सूत्र प्रत्ययांसकट, शब्दांमधली जागा काढून, सलग लिहून बघा. ‘जीवनदीपात वाहते ती (२)’ असं लिहिलं की नदी डोळ्यांत भरते.

शब्दकोशाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, पण ते खात्रीसाठी उघडा, उत्तर हुडकायला नको. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. तिच्यात हव्या त्या शब्दाला हवा तो अर्थ सापडू शकतो, आणि मग दोन उड्यांच्या उत्तरालाही पुरावा मिळतो.

छापील कोड्यांवर मात्र फार विसंबू नका. एका दैनिकाच्या कोड्यात अक्षरसंख्या आणि चौकट जुळत नव्हती. पुढच्या आठवड्यात उत्तरं आली तीही फोडीशिवाय. त्यांच्या कोडे विभागाला तीन पत्रं लिहिली, एकालाही उत्तर नाही. फोड न छापणारा माणसाला सोडवायला शिकवत नाही, याचा मला अजून राग येतो. त्यापेक्षा गटातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने पाच सूत्रं रचावीत. स्वतः रचताना एक बेकार शब्द टाळायला किती घाम गाळावा लागतो ते कळलं की दुसऱ्याच्या सूत्रातला प्रत्येक शब्द तुम्ही तपासायला लागता.

राहिला तुमचा आडवा १९, ‘देवीपुढची गडबड (३)’. उत्तर मुद्दाम देत नाही. वादळातला ‘ळ’ त्याच्या शेवटच्या घरात येतो. इथे जोडाजोडी काही नाही, दोन्ही शब्द व्याख्याच आहेत. लग्नानंतर तुमच्या घरी तो घालत असतील तर लगेच सुचेल.