सुपरहिरोंच्या मालिकांमध्ये आई एक तर मेलेली असते, नाहीतर अडवणारी. आई-मुलीचं नातं मनापासून दाखवणारी एखादी मालिका आहे का?

आहे. 'मिस मार्व्हल'. २०२२ च्या जून-जुलैत आली, फक्त ६ भागांची आहे. तुमची मुलगी १६ वर्षांची आहे आणि दोघींना एकत्र बघायचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तर हेच नाव सांगेन. (पुढे कथानक बरंच उघड केलं आहे.)

आधी तुमच्या तक्रारीबद्दल. ती रास्त आहे. नायकाला घराबाहेर काढायला काहीतरी मोठं दुःख लागतं आणि आईचा मृत्यू लेखकाच्या हाताशी लगेच सापडतो. 'द फ्लॅश' मालिकेत पहिल्याच भागात नायक बॅरीच्या आईचा, नोराचा खून झाल्याचं कळतं. पहिल्या सीझनच्या शेवटी तो भूतकाळात जातो आणि तिला वाचवणं शक्य असूनही वाचवत नाही, शेवटच्या क्षणी फक्त तिच्याजवळ जाऊन बसतो. प्रसंग रडवतो, पण नोरा बाई म्हणून कशी होती हे आपल्याला फारसं कळलेलंच नसतं. 'वांडाव्हिजन'मध्ये आई स्वतःच नायिका आहे. तिच्या दुःखातून, जादूनं उभा राहिलेला संसार टिकवायला ती अख्खं गाव वेठीला धरते, आणि आपली जुळी मुलं आता नाहीशी होणार हे माहीत असताना त्यांना अंथरुणात निजवते. तो निरोप मी विसरू शकत नाही. तरीही रोजचं घर, त्यातली कुरबुर, लपवाछपवी, रुसवा हे या दोन्हींत नाही.

'मिस मार्व्हल'मध्ये ते सगळं आहे. जर्सी सिटीत राहणारं पाकिस्तानी मुस्लिम कुटुंब. कमला खान १६ वर्षांची, कॅप्टन मार्व्हल या स्त्री-सुपरहिरोची वेडी चाहती. तिची अम्मी मुनीबा कडक, काळजीनं पोखरलेली. ही भूमिका झेनोबिया श्रॉफ यांनी केली आहे आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सर्वांत अवघड काम त्यांच्या वाट्याला आलंय, कारण मुनीबा सहज टिपिकल 'नाही म्हणणारी आई' होऊ शकली असती.

पहिल्या भागातला एक प्रसंग लक्ष देऊन बघा. कमलाला सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचंय. आईवडील आधी नाही म्हणतात, मग एक तोडगा काढतात: अब्बूंना सोबत घेऊन जायचं, अब्बू मोठा हल्क (हिरव्या रंगाचा धिप्पाड सुपरहिरो) आणि कमला छोटा हल्क. अब्बू तोंडाला हिरवा रंग फासून उभे, आणि मुलीसाठीही हिरवा सलवार-कमीझ तयार. त्यांना वाटतं, मुलगी आनंदानं उडी मारेल. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि ती ते बोलून दाखवते. अब्बूंचा पडलेला चेहरा बघवत नाही. इथे कोणी वाईट वागलेलं नाही. आईवडिलांनी मनापासून दिलंय, फक्त ज्या मुलीला दिलंय ती त्यांच्या मनातली मुलगी आहे.

आता थेट सहाव्या भागावर जा. कमला धीर गोळा करून घरच्यांना आपल्या अद्भुत शक्तीचं गुपित सांगायला बसते, तर अम्मीनं ते सगळ्यांना आधीच सांगून टाकलेलं असतं! (हे इतकं खरं आहे की मी मोठ्यानं हसले.) आणि मग अम्मी तिला स्वतः तयार केलेला पोशाख देते: निळा-लाल, कुर्त्यासारखा लांब, गळ्याशी ओढणीसारखा पट्टा, छातीवर विजेची खूण. या वेळी तो पोशाख कमलाचाच आहे. सुपरहिरोच्या कथेत पोशाख मिळणं हा मोठा क्षण असतो. एरवी तो एखाद्या प्रयोगशाळेत नाहीतर कोट्यधीश गुरूकडून मिळतो. इथे तो आई देते, म्हणजे बाहेर पडून धोका पत्करायची परवानगीच देते. ज्या बाईनं पहिल्या भागात साध्या मेळाव्याला नाही म्हटलं होतं, तिनं.

हा बदल खोटा वाटत नाही, कारण मधल्या भागांत मुनीबा स्वतः कुणाची तरी मुलगी म्हणून दिसते. तिची आई सना कराचीत राहते, अद्भुत गोष्टींवर विश्वास ठेवणारी. मुनीबाला त्या गोष्टींचा लहानपणापासून वीट आलेला. सनानं पाठवलेल्या सामानात जुनं कंगण निघतं, तर ते अडगळ म्हणून माळ्यावर जातं. कमलाच्या दिवास्वप्नांवर मुनीबा एवढी का चिडते, ते तिथे कळतं: मुलीत तिला आपली आई दिसते.

मूळ कॉमिक्समध्ये कमला आपलं शरीर हवं तसं ताणू-फुगवू शकते. मालिकेत तिची शक्ती त्या कंगणामुळे जागी होते, आणि ते पणजी आयेशाकडून आलेलं आहे. या बदलावर चाहते बरेच नाराज झाले. मला तो आवडला, कारण त्यामुळे शक्ती आईकडच्या वंशातून आलेली ठरते. पाचव्या भागात कमला १९४७ च्या फाळणीत, कराचीला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जाऊन पोहोचते. गर्दीत चुकलेली छोटी सना, मरणाच्या दारातली आयेशा. त्या पोरीला बापापर्यंत नेणारी ताऱ्यांची वाट, जिची गोष्ट घरात वर्षानुवर्षं सांगितली जात होती, ती आयेशाच्या पणतीनं, कमलानंच उजळलेली असते. कमला परत आल्यावर मुनीबा मुलीची शक्ती डोळ्यांनी बघते आणि आपल्या आईच्या गोष्टी खऱ्या होत्या हेही तिला त्याच क्षणी मान्य करावं लागतं.

दोष आहेत. नजमा ही खलनायिकाही आई आहे. स्वतः कैदेतून निसटताना ती मुलाला, कामरानला, मागे टाकून जाते. केवढा ताकदीचा धागा होता! पण तिचं मनपरिवर्तन दोन-चार वाक्यांत उरकलंय आणि ती संपते. तिला आणखी एक भाग मिळायला हवा होता.

तुम्ही दोघी बघाल तेव्हा चौथा आणि पाचवा भाग सलग बघा, आणि त्याआधी मुलीला फाळणीबद्दल थोडं सांगा, नाहीतर फलाटावरची ती गर्दी तिला नुसती गर्दी वाटेल. मालिका आवडली तर २०२३ चा 'द मार्व्हल्स' चित्रपट आहे. त्यातही खान कुटुंब आहे, आणि मुनीबा तशीच कडक आहे.