पावसात एमआयडीसीच्या गटारातून आमच्या पऱ्यात (ओढ्यात) रंगीत तवंग येतो, विहिरीलाही वास येतोय, तेल नक्की कुठून येतंय ते कसं शोधायचं?

रत्नागिरी जिल्ह्यात पाण्याची सॅम्पलं गोळा करायचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणताय कंपनीवाले हात वर करतात, म्हणे रस्त्यावरच्या गाड्यांचं ऑईल आहे. ते भांडण नंतर करू, आधी तवंग तेलाचाच आहे का ते बघा.

आपल्याकडे सगळा जांभा, त्यात लोखंड भरपूर. कातळातून झिरपलेलं पाणी साचतं तिथे लोखंडावर जगणारे बॅक्टेरिया वाढतात आणि वर हुबेहूब डिझेलसारखा चमकदार पापुद्रा येतो, खाली तांबूस गाळ. काडी घेऊन तवंगात फिरवा. काच फुटल्यासारखे तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले तर बॅक्टेरिया, काडीमागे परत मिळून आला तर तेल. फुकटातली टेस्ट आहे पण ती न करता अर्ज ठोकणारे खूप बघितलेत, मग अधिकारी येऊन काडी फिरवतो आणि गावाचं हसं होतं.

तेलच निघालं तरी तवंग बघून किती गेलं याचा अंदाज बांधू नका. इंद्रधनुष्यी रंगाचा थर ०.३ मायक्रॉनचा असला तरी दिसतो, म्हणजे १ लिटर डिझेल ३००० चौरस मीटरच्या वर पसरू शकतं.

आता उलट दिशेने चढायचं, पऱ्यापासून गटार, गटारापासून रस्त्याखालची प्रत्येक मोरी, आणि जिथे दोन गटारं मिळतात तिथे दोन्हीकडे बघायचं, एकीकडे तवंग असतो एकीकडे नसतो. हे पावसात करा आणि चांगली उघडीप मिळाली की परत करा. पाऊस नसताना पण पावसाळी गटारातून तेलकट पाणी येत असेल तर कोणीतरी आतली लाईन जोडलीय किंवा जमिनीखालची टाकी-पाईप गळतोय. फक्त पावसातच येत असेल तर यार्ड धुवून येतंय, म्हणजे जनरेटरची शेड, टँकर खाली करायची जागा, भंगारवाल्यासाठी ठेवलेले जुन्या ऑईलचे ड्रम. एका ठिकाणी डिझेल टाकीभोवतीच्या बंडचा (सांडलेलं तेल अडवणाऱ्या बुटक्या भिंतीचा) व्हॉल्व्ह अख्खा पावसाळा उघडा असायचा, कारण आत पाणी साचलं की सुपरवायझर वॉचमनवर ओरडायचा. व्हॉल्व्हच्या तोंडापासून गटारापर्यंत काँक्रीटवर काळी चिकट रेघ होती, कोणी लपवलेली पण नव्हती. ऑईल ट्रॅप (पाण्यातलं तेल वेगळं करायची टाकी) आहे म्हणून सांगतील, पण ट्रॅपमध्ये पाणी जरा शांत थांबलं तरच तेल वर येतं, आपल्या जुलैच्या पावसात ते थांबणार कुठून, आणि फरशी साबणाने धुतली असेल तर तेल पाण्यात विरघळल्यासारखं होऊन सरळ निघून जातं.

सॅम्पल पहिल्या जोरदार सरीच्या सुरुवातीलाच घ्या, नंतर सगळं पातळ होतं. बाटली काचेची, मोठ्या तोंडाची, प्लॅस्टिक नको कारण तेल त्याला चिकटतं. त्याच पाण्याने विसळू पण नका आणि एका बाटलीतून दुसरीत ओतू नका. सॅम्पल टिकवायचं ॲसिड लॅबवाले बाटलीत आधीच घालून देतात, तुम्ही फक्त बर्फात ठेवून लवकर पोचवा. सोबत गटाराच्या तळाचा गाळ घ्या, तेल गाळाला धरून राहतं.

लॅबला नुसतं ‘ऑईल अँड ग्रीस’ सांगू नका. त्यात खोबरेल, माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल सगळं मोजलं जातं, आणि आजूबाजूला काजू फॅक्टरी असेल तर कंपनीचा वकील तेवढंच धरून बसेल. टीपीएच (फक्त डिझेल-ऑईलसारखी पेट्रोलियम तेलं मोजणारी टेस्ट) सांगा आणि जीसीचा, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या मशीनचा, ग्राफ मागून घ्या. डिझेलचे टोकदार दात दिसतात, इंजिन ऑईलचा उशिरा येणारा पसरट उंचवटा असतो. पण डिझेल जुनं झालं की दात झिजतात, म्हणून ताज्या सॅम्पलला किंमत जास्त. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला ऑईल अँड ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, समुद्रात सोडायला २०.

एक मात्र लक्षात ठेवा, तुमचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून उभा राहीलच असं नाही. १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने नोटीस देऊन, दोन भाग करून, सील-सही करून घेतलेलं सॅम्पलच धरतात. तुमचा रिपोर्ट त्यांना यायला लावण्यासाठी. तारीख-वेळ-लोकेशनवाले फोटो जोडा, पोच घ्या.

विहिरीलाही वास येतोय म्हणालात, ते मला जास्त गंभीर वाटतं. जांभ्यात भोकं आणि पोकळ्या असतात, डिझेल त्यातून लांब जातं आणि पावसात भूजल वर आलं की त्याच्यावर तरंगत वर येतं. विहिरीचं सॅम्पल वेगळं घ्यायला सांगा, ४० मिलीची छोटी बाटली काठोकाठ, आत एकही बुडबुडा नको, नाहीतर बेंझीन (इंधनातला विषारी घटक) उडून जातं. तोवर ते पाणी स्वयंपाकाला नको आणि उकळू तर अजिबात नका, डिझेल जात नाही, वाफ मात्र घरभर होते.